प्रमाणित सोबत

कर्करोग झालेल्या माणसाशी कसे बोलावे हे विनया मगदूम साठी ओलांडल्यावर पडद्यासमोर बसून शिकली, आणि पहिल्याच चाचणीत वर्गात पहिली आली. पहिली येणे ही तिची जुनी खोड होती. सांगलीच्या महाविद्यालयातून संख्याशास्त्राची प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून त्या खोडीला खाद्य मिळाले नव्हते. ते आता नणंदेच्या आजाराने पुरवले.

नणंद म्हणजे त्रिशला अक्का. जयसिंगपुरात, विनयाच्या घरापासून थोड्याच अंतरावर, अकराव्या गल्लीच्या तोंडाशी तिचे घर, आणि घरामागे तंबाखूची वखार, जी नवऱ्याच्या पश्चात तिने एकटीने चालवली. सौद्याला बसली की समोरच्या व्यापाऱ्याला घाम फोडणारी ही बाई भावजयीशी गेली तीस वर्षे एकाच भाषेत बोलत आली होती, आणि ती भाषा टोमण्यांची होती. विनयाही मागे राहणाऱ्यांतली नव्हती. दोघींनी एकमेकींच्या आमटीला, माहेराला, साड्यांच्या निवडीला आणि मुले वाढवण्याच्या तऱ्हेला जी नावे ठेवली होती, ती एखाद्या तिऱ्हाइताने ऐकली असती तर ह्या घराण्यात उभा दावा आहे अशी त्याची खात्री पटली असती. वास्तविक एकीकडे कोशिंबीर जरी झाली तरी तिची वाटी दुसरीकडे पोचल्याशिवाय कोणी पानावर बसत नसे.

अक्काच्या पोटातली गाठ स्वादुपिंडाची निघाली. मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात तेव्हा नवा उपचार सुरू झाला होता. रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढायच्या, गाठ ओळखायला त्यांना शिकवायचे आणि पुन्हा शिरेवाटे आत सोडायचे. उपचार घ्यायला अट एकच होती, रुग्णासोबत 'प्रमाणित सोबती' हवा. हे प्रमाणपत्र घरबसल्या, ऑनलाइन अभ्यासक्रमातून मिळे. त्यात धडे होते, चाचण्या होत्या, आठवड्याला एक थेट तास होता, आणि प्रात्यक्षिकासाठी घरातला जिवंत रुग्ण होता.

ह्या अटीमागचे विज्ञान खोटे नव्हते. खोटे असते तर किळस येण्याऐवजी नुसता राग आला असता. माणूस भ्यायला की त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी एक रस रक्तात सोडतात. तो संकटातून पळायला बळ देतो, पण त्याच वेळी लढाऊ पेशींना थंड करतो. शिकवून सोडलेल्या पेशी घाबरलेल्या शरीरात लवकर मरतात आणि निर्धास्त शरीरात टिकतात, हे हजारो रुग्णांवर सिद्ध झाले होते. तेव्हा धीर देणे हा उपचाराचाच भाग ठरला, आणि जो उपचाराचा भाग तो मोजायला हवा, हे ओघानेच आले. रुग्णाच्या कानामागे टिकलीएवढी चकती लावत. ती घामातून त्या रसाचे प्रमाण आणि नाडीतले चढउतार वाचत राही. सोबत्याच्या कानात बोंडाएवढे एक बोलके यंत्र असे, त्याला बोंडच म्हणत. ते दोघांचे बोलणे ऐके, चकतीकडून शरीराची खबर घेई आणि पुढचे वाक्य सुचवी. लाखो संभाषणांवर वाढलेल्या त्या यंत्राला एक गोष्ट चांगली उमगली होती, ती म्हणजे कोणत्या माणसाचे शरीर कोणत्या वाक्यानंतर सैलावते. प्रत्येक भेटीअंती सोबत्याला 'शांतता-गुण' मिळत.

पहिल्या प्रात्यक्षिकाला विनया गेली तेव्हा अक्का डोक्याला सुती रुमाल बांधून सोप्यात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. विनयाने धड्यात दाखवल्याप्रमाणे तिरकी खुर्ची घेतली, तळवा उघडा ठेवला आणि कानातल्या मंजूळ आवाजाने सुचवलेले वाक्य उच्चारले.

"अक्का, आज तुम्हाला आतून कसं वाटतंय?"

अक्काचा हात शेंगेवरच थांबला. "काय म्हणालीस?"

"तुम्ही एकट्या नाही आहात. मी ऐकतेय."

"भूपाल कुठाय?" अक्काने सरळ भावाच्या नावाने हाक मारली. भूपाल म्हणजे विनयाचा नवरा. तो बाहेर गाडी लावत होता. "अरे ए भूपाल! डॉक्टरनं काय सांगितलंय ते आधी माझ्यासमोर बोल. ही माझ्याशी असं बोलायला लागली म्हणजे माझं काही खरं न्हाई."

चकतीवरचे आकडे उसळले. शांतता-गुण इतके कमी आले की तेवढे कमी गुण विनयाला हयातीत कोणत्याही परीक्षेत मिळाले नव्हते. ती घरी गेली ती नापास झालेल्या पोरीसारखा चेहरा घेऊन.

यंत्र मात्र खचले नाही. यंत्रे खचत नाहीत, हाच त्यांचा माणसाहून मोठा गुण सांगितला जातो. त्याने विनयाकडे कुटुंबातली जुनी ध्वनिमुद्रणे मागितली. लग्नांच्या चित्रफिती, फोनवरचे निरोप, एका दिवाळीत फराळाच्या ताटांवरून झालेली जुगलबंदी, हे सारे विनयाने मागचापुढचा विचार न करता देऊन टाकले. परीक्षकाने मागितलेले साहित्य पुरवावे, एवढेच तिला कळत होते.

पुढच्या भेटीत पावट्यांचीच परात होती. विनया बसते न बसते तोच कानात आवाज आला, "म्हणा, एवढ्या सावकाश सोलाल तर त्या शेंगा उठून पुन्हा वेलावर जातील."

विनयाने ते म्हटले.

"आली शहाणी!" अक्काने मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "तुझ्या माहेरी पावटे डब्यातनं यायचे गं. तुला काय सोलणं कळणार?"

"म्हणा, डब्यातनं यायचे, पण त्यात अळ्या नसायच्या," कानातला आवाज म्हणाला, आणि विनयाने तेही म्हटले.

"अळी पावट्यात असती, वैनी. माणसात आली की वाईट." असे म्हणून अक्का स्वतःच्याच पोटाकडे बोट दाखवून खदाखदा हसली, आणि चकतीने कळवले की तिचे सारे शरीर पाण्यावर पडलेल्या पानासारखे सैल झाले आहे.

गुण उत्तम आले. विनयाला एवढेच खटकले की ते वाक्य तिच्या जिभेवर येतच होते. यंत्र अर्ध्या क्षणाने पुढे होते. हळूहळू तिने जिभेची वाट पाहणे सोडले. कानात तयार माल येत असताना स्वतःचे पान कोण पिकवतो? अक्का सुखावली. भावजय पूर्वीसारखी फाडफाड बोलू लागली, म्हणजे जगाचे चाक जागेवर आहे, असे तिने स्वतःच्या मनाशी धरले. जे गोड ते संशयास्पद आणि जे तिखट ते खरे, हा सौद्यातला हिशेब तिने घरातही कधी मोडला नव्हता.

पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी विनया आणि भूपालला वेगळ्या खोलीत बोलावले. आपल्याकडे आजार एकाला होतो आणि कळवला जातो दुसऱ्याला. ज्याचे पोट त्याला काचेपलीकडे बाकावर बसवून, त्या पोटात काय चालले आहे ह्याची चर्चा सुशिक्षित माणसे अलीकडे हलक्या आवाजात करतात आणि ह्याला माया म्हणतात.

"पेशींनी साथ सोडलीय," डॉक्टर म्हणाले. "पसरलंय. दिवाळीपर्यंत राहतील असं मला वाटत नाही. पुढचा डोस ठरल्याप्रमाणे देऊ."

"अक्काला कळायला नको," भूपाल म्हणाला.

"तेच बरं," डॉक्टर म्हणाले.

गाडी जयसिंगपूरजवळ आली तशी अक्का म्हणाली, "वैनी, सनूला बोलवून घेऊ काय? खरं सांग."

सनू म्हणजे सन्मती, अक्काची एकुलती मुलगी. ती लिस्बनला असे. दरवर्षी येईन म्हणे आणि तिसऱ्या वर्षी येई. अक्का तिच्या नावाने खडे फोडी आणि तिच्या खोलीतली चादर दर आठवड्याला बदली.

भूपाल समोरच्या रस्त्याकडे डोळे फाडून बघत होता. तेवढ्यात कानात तो मंजूळ आवाज आला, आणि ओठ आपोआप हलले.

"बोलवा की! हे टक्कल बघून पोरगी पुढच्याच विमानानं परत जाईल. दिवाळीत बोलवा. तोवर निदान भुवया तरी उगवतील."

अक्का हसली, हसता हसता खोकली, डोळे पुसत म्हणाली, "मेले, तुझ्या जिभेला काही हाड? पण बरं वाटलं बघ. तू खोटं बोलणार असतीस तर गोड बोलली असतीस." आणि तिने तिथल्या तिथे फोन लावला. "सनू, आत्ता धावपळ करू नको. दिवाळीला ये निवांत. तोवर माझ्या भुवया येतात म्हणे."

त्या भेटीला विनयाला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. घरी आल्यावर ती मोरीत गेली, बोट घशात न घालताच तिला उलटी झाली, आणि चूळ भरून भरूनही तोंडातली ती घाण चव गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तिच्यातली संख्याशास्त्राची बाई जागी झाली. कोणताही गुण दिला जातो तो कशाशी तरी पडताळून. शांतता-गुण कशाशी पडताळला आहे? रुग्णाच्या सुखाशी म्हणावे, तर सुख कोणी विचारलेच नव्हते. आयुष्य वाढण्याशी म्हणावे, तर अक्काचे आयुष्य सरत असताना गुण चढत होते. थेट तासात तिने हा प्रश्न विचारला. पडद्यावर समन्वयक होता. ईशान नावाचा, दाढी कोरलेला, सतत किंचित मान हलवणारा तरुण.

"छान प्रश्न, मॅम. उपचारपूर्तीशी. म्हणजे रुग्णाने सगळे डोस पूर्ण घेतले का नाही. पहिल्याच धड्यात आहे ते. त्या उत्तराला तुम्हाला पूर्ण गुण आहेत."

होते खरे. तिने ते पाठ केले होते आणि लिहून टाकले होते.

"आणि डोस पूर्ण झाल्यावर रुग्ण गेला तर?"

"तर पूर्ती झालेली असते, मॅम."

"आणि सत्य कळल्यामुळे कोणी मध्येच उपचार सोडला तर?"

"ते विश्लेषणात धरत नाहीत. सोबत अयशस्वी, अशी नोंद होते." ईशानचा चेहरा उजळला. "बरं झालं तुम्ही बोललात. तुमचं ते भुवयांचं वाक्य आम्ही नमुनासंग्रहात घेतोय. 'कौटुंबिक थट्टा, दक्षिण महाराष्ट्र' ह्या सदरात. अभिनंदन!" इतर विद्यार्थ्यांनी पडद्यावर टाळ्यांची आणि बदामाची चित्रे उधळली.

"ते वाक्य खोटं होतं," विनया म्हणाली.

"नाही, मॅम," ईशान प्रेमाने म्हणाला. "भुवया उगवतातच."

तिने पडदा बंद केला. ह्यात कोणी काही लपवले नव्हते, ह्याचीच तिला शिसारी आली. गुन्हेगाराला निदान अंधार लागतो. ह्यांना लख्ख उजेड चालत होता, कारण त्यांच्या लेखी गुन्हा घडलाच नव्हता. नव्या उपचाराला मान्यता मिळायची तर पुरे झालेले उपचार दाखवावे लागतात. ते पुरे व्हायचे तर रुग्णांनी प्रश्न विचारायचे थांबले पाहिजे. आणि प्रश्न थांबवायला मायेइतके स्वस्त साधन अजून निघालेले नाही. ते साधन विनयाने स्वहस्ते परजून दिले होते.

"मी अक्कांना सांगणार आहे," तिने भूपालला सांगितले.

"सोबत बंद पडली तर पुढचा डोस रद्द होतो, ठाऊक आहे ना तुला?" भूपाल कळवळून म्हणाला. "एवढा एक डोस तरी मिळू दे की गं तिला. कुणी सांगावं?"

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय. आपल्या दोघांनाच तर सांगितलंय. सनू आत्ता निघाली नाही तर तिला आई दिसणार नाही. त्या डोसाचं काय घेऊन बसलात?"

भूपाल अंगणात जाऊन उभा राहिला.

विनयाने बोंड घरीच ठेवले आणि ती अकराव्या गल्लीत गेली. अक्का पलंगावर उशीला टेकून बसली होती. विनया तिच्यासमोर उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आले की आपल्याला कसे सांगायचे हे येत नाही. मऊ शब्द अक्काला भिववत, आणि तिखट शब्दांचे तर तिने स्वतःच वाटोळे केले होते. तिसरी भाषा त्या दोघींत नव्हती.

"अक्का, दिवाळीपर्यंत तुम्ही नसणार."

अक्का हसली. "आणि तू काय, एकटीच आकाशकंदील लावून बसणार? लाव बाई. पण जळमटं काढ आधी."

विनया हसली नाही. अक्का तिच्या तोंडाकडे पाहत पुढच्या टोमण्याची वाट बघत राहिली. तो आला नाही.

"डॉक्टरांनी सांगितलंय," विनया म्हणाली. "पसरलंय. मागच्या तपासणीतच कळलं होतं. गाडीत तुम्ही विचारलंत, तेव्हा मला ठाऊक होतं."

अक्काचा हात नकळत कपाळाकडे, जिथे भुवया नव्हत्या तिथे गेला. "मग ते?"

"ते मी नाही म्हणाले. कानात एक यंत्र असतं, ते सांगतं. त्या कोर्सचं. आपली जुनी भांडणं ऐकून शिकलंय ते, मीच दिली होती."

"आणि पावट्यांचं?"

"तेही त्याचंच."

"परवा माझ्या सांडग्यांना नाव ठेवलंस ते?"

विनयाने आठवून पाहिले. खूप आठवून पाहिले. "ते माझं असावं," ती म्हणाली. "मला नक्की सांगता येत नाही."

मग अक्का बोलली ती हळू आवाजात; सौद्यात तिला कोणी फसवले की ती ह्या आवाजात बोले.

"गोड बोलून फसवलं असतंस तर मी सोसलं असतं गं. गोड बोलणाऱ्याला मी दारातच ओळखते. तू माझ्याशी भांडलीस. खोटं खोटं भांडलीस. मला वाटलं, चला, ही भांडतीय म्हणजे मी अजून आहे. भावानं लपवलं, डॉक्टरनं लपवलं, त्यांचं एक सोड. पण तुझी-माझी भांडणं तू कुणाला तरी नेऊन दिलीस."

"अक्का..."

"ऊठ. जा इथनं."

विनया सोप्यातून बाहेर पडत असताना मागे काहीतरी फरशीवर टचकन पडले. अक्काने कानामागची चकती उपटून भिरकावली होती. मग तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "सनू, आत्ता निघ. दिवाळी-बिवाळी काही न्हाई. मी चाललेय."

डोस रद्द झाल्याचा संदेश संध्याकाळच्या आत आला. त्याखाली विनयाचे प्रमाणपत्र रोखल्याचे कळवले होते आणि पुन्हा परीक्षेला बसण्याची सोय नम्रपणे सुचवली होती.

सन्मती आली तोवर अक्काचा आवाज बसला होता आणि हातांच्या शिरा वर आल्या होत्या. सन्मतीला विमानतळावरून आणायला भूपाल गेला होता. विनयाला अक्काने बोलावले नव्हते, पण ती आपणहून आली तेव्हा हाकलूनही दिले नाही. ती दाराशी उभी राहिली.

सन्मती आत आली. तिशीची, वाळलेली, प्रवासाने डोळे सुजलेली. दारात क्षणभर थबकली, लहान मुलासारखी तोंड वाकडे करू लागली, आणि मग जणू कोणीतरी तिला आवरले. तिने खुर्ची ओढली, ती पलंगाशी तिरकी ठेवली, तळवा उघडा करून आईच्या कोपराशी टेकवला आणि दोन श्वासांइतकी थांबली.

"आई," ती नितळ, सांभाळलेल्या स्वरात म्हणाली, "तुला जे वाटतंय ते वाटू दे. घाई नाहीये. ह्या क्षणी मी संपूर्णपणे तुझ्यासोबत आहे."

सन्मतीच्या केसांआडून डाव्या कानातले बोंड दिसत होते. पोरीने काही वाईट केले नव्हते. आई चालली हे कळल्यावर, परदेशात एकटी असताना, आपण निदान नीट बोलावे म्हणून तिने त्या अभ्यासक्रमाचे धडे आणि चाचण्या विमानात बसून उरकल्या होत्या.

अक्काने लेकीच्या तोंडाकडे पाहिले. मग तळव्याकडे पाहिले. मग त्या बसलेल्या आवाजात, तिच्यावरून नजर काढून, ती म्हणाली, "वैनी, ह्या बाईला बाहेर ने. आणि माझी लेक आत पाठव."

अंगणात सन्मती भिंतीला टेकली. "मामी, माझं काय चुकलं? मला सगळ्या चाचण्यांत..."

"काढ ते कानातलं."

तिने काढले. हातात धरून ती त्याच्याकडे पाहत राहिली. "मग मी काय बोलू तिच्याशी?"

विनयाच्या मनात उत्तरे रांगेने उभी राहिली, एकाहून एक तयार, घोटलेली, गुणांकित. तिने एकही बाहेर येऊ दिले नाही. तिने फक्त दाराकडे हात केला.

सन्मती आत गेली. पलंगापाशी उभी राहिली, हात लोंबत, काही न सुचून. आणि एकाएकी तिने गादीवर मूठ आपटली. "दिवाळीला ये म्हणालीस! मला दिवाळीला ये म्हणालीस तू! मी तिकीट काढलं होतं दिवाळीचं, आई, मी आकाशी रंगाची साडी घेतली होती तुला, आणि तू... असं कुणी करतं का? असं करतात का पोरीला?" तिचा आवाज फाटला, नाक वाहू लागले, ती आईलाच रागे भरत आईच्या मांडीवर कोसळली.

"ओरड," अक्का तिच्या केसांतून बोटे फिरवत म्हणाली. "ओरड अजून. आकाशी रंग मला कधी शोभला गं, शहाणे? डोळे फुटलेत काय तुझे?"

"मग परत करते!" सन्मती मांडीतूनच हुंदक्यात म्हणाली.

"खबरदार परत केलीस तर."

विनया दारात उभी राहून ऐकत होती. किती वेळ ते तिला कळले नाही. अक्काची नजर वळली आणि तिच्यावर स्थिरावली. त्या नजरेत राग नव्हता, माफीही नव्हती.

"तू काय बघत उभी राहिलीस?" अक्का म्हणाली. "दार लाव."

विनयाने दार लावले, बाहेरून.